वाद घालायला शिकवा : मराठी अभ्यास मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
मराठी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे, यांस



‘मोबाईल : शाप की वरदान’ हा निबंध एकदाही न लिहिता पदवीधर झालेला माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. मोबाईलच्या जागी आधी दूरदर्शन होते, त्याआधी विज्ञान होते, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. साचा तोच. पहिल्या पानावर फायदे, दुसऱ्यावर तोटे आणि शेवटी ‘वापर कसा करायचा हे आपल्याच हाती आहे’ अशी कुणालाच न दुखावणारी सांगता. हा निबंध कुणासाठी लिहिला? तो वाचून वाचणाऱ्याने काय करायचे? लिहिणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे काय? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. तरी त्याला दहापैकी सात गुण पडतात, कारण अक्षर बरे असते आणि मधूनमधून एखादी म्हण पेरलेली असते.

पदवीच्या वर्गात मराठी शिकवताना हाच निबंध माझ्यासमोर पुन्हा येतो, फक्त शब्द थोडे जड झालेले असतात. अभ्यासक्रम आपण ठरवता, म्हणून हे पत्र आपल्याला. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीची सगळी रचना बदलते आहे आणि ‘क्षमता-संवर्धन’ या सदराखाली भाषेला काही श्रेयांक मिळाले आहेत. म्हणजे विज्ञान आणि वाणिज्य शाखेतली मुलेही मराठीच्या वर्गात येऊन बसणार आहेत. अशी संधी वारंवार येत नाही. माझी मागणी एवढीच आहे की त्यातले एक सत्र युक्तिवादाला द्यावे. लिहून दुसऱ्याचे मन कसे वळवायचे आणि आपले मन कोण, कशाच्या जोरावर वळवतो आहे हे कसे ओळखायचे, याचे शिक्षण ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्राच्या आणि आपल्याकडच्या वादशास्त्राच्या आधाराने द्यावे.

सध्या ‘व्यावहारिक मराठी’त अर्ज आहे, इतिवृत्त आहे, बातमी, जाहिरात, मुलाखत, सारांश, माहितीपत्रक आहे. यातले काही टाकाऊ नाही. पण हे सगळे नमुने आहेत, आणि नमुन्यात भरायचा मजकूर कुठून आणायचा हे कोणताच नमुना सांगत नाही. उद्या याच वर्गातल्या मुलीला गावात दारूबंदीच्या ‘आडवी बाटली’ मतदानासाठी बायकांना उभे करायचे असेल, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वाढीव देखभालखर्चाला हरकत घ्यायची असेल, माहिती अधिकारात पहिले अपील लिहायचे असेल किंवा घरच्यांना ‘दोन वर्षे तरी लग्नाचा विषय नको’ हे पटवायचे असेल, तर आपला अर्जाचा नमुना तिला ‘महोदय’ इथपर्यंत नेऊन सोडतो. पुढचे तिचे तिने बघायचे.

वक्तृत्वशास्त्र अशाच गरजेतून उभे राहिले, असे परंपरा सांगते. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूज शहरात जुलमी राजवट उलथली आणि बळकावलेल्या जमिनी परत मागायला लोक न्यायसभांपुढे आले. ज्याची तक्रार त्यानेच बोलायचे, अशी रीत. कागदपत्र धड कुणाकडेच नव्हते. तेव्हा कोरॅक्स आणि टिसियस या दोघांनी सामान्य माणसाला आपली बाजू मांडता यावी म्हणून काही नियम बसवून दिले. यात इतिहास किती आणि दंतकथा किती यावर अभ्यासक भांडतात, ते भांडोत. सातबाऱ्यावर चुलत्याचे नाव कसे लागले हे तहसीलदाराला समजावून सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

वक्तृत्व म्हणजे बोलणे, त्याचा लेखनाच्या वर्गाशी काय संबंध, असे कुणी विचारील. अथेन्समध्ये शाळा चालवणारा आयसॉक्रेटिस बारीक आवाजाचा होता, सभेत बोलायला कचरत असे, म्हणून तो लिहू लागला. इसवी सनपूर्व ३४६ मध्ये त्याने मॅसिडोनियाच्या फिलिप राजाला उद्देशून जे लिहिले ते खुले पत्रच म्हणायचे. आपल्याकडे लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहिलेली पत्रे (नाव शतपत्रे, भरतात १०८) त्याच जातीची आहेत. लेखणी हातात धरून सभेशी बोलणे ही या शास्त्राची फार जुनी सवय आहे.

रोमन लोकांनी भाषण उभे करण्याच्या कामाचे पाच भाग पाडले होते. काय म्हणायचे ते शोधणे, त्याची मांडणी करणे, त्याला भाषा देणे, ते ध्यानात ठेवणे आणि शेवटी ते सभेपुढे म्हणणे. सिसेरोच्या ऐन तारुण्यातल्या पुस्तकात ही विभागणी आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने वक्त्याच्या शिक्षणावर बारा खंड लिहिले, तेही याच पाच खांबांवर उभे आहेत. आता आपल्या वर्गांकडे बघा. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक आपण शाळेपासून घोकून घेतो. तो तिसरा भाग. गावोगावच्या वक्तृत्व स्पर्धांत मुले हातवारे करत, आवाज चढवत-उतरवत बोलतात. तो चौथा आणि पाचवा. कारण भाषण बहुतेक वेळा सरांनी किंवा आईने लिहून दिलेले असते आणि मुलाने ते पाठ केलेले असते. पहिला आणि दुसरा भाग, म्हणजे मुद्दा शोधणे आणि तो लावणे, बालवाडीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत कुणाच्याच तासाला येत नाही. टाळ्या मात्र भरपूर पडतात.

युरोपात हा प्रकार एकदा होऊन गेला आहे. सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये पेत्रुस रामुस नावाचा एक तडफदार प्राध्यापक होता. त्याने ठरवले की शोध आणि मांडणी ही तर्कशास्त्राची मालमत्ता. वक्तृत्वाकडे फक्त भाषेचे अलंकरण आणि सादरीकरण राहू द्यावे. रामुस १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यूच्या हत्याकांडात मारला गेला, पण त्याची वाटणी टिकली. वक्तृत्वशास्त्र म्हणजे अलंकारांची यादी, हा समज पुढच्या शतकांत घट्ट बसला आणि ‘नुसते वक्तृत्व’ ही शिवी झाली.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांचा अनुभवही आपल्या कामाचा आहे. हार्वर्डमध्ये १८०६ साली वक्तृत्वाचे बॉयल्स्टन प्राध्यापकपद सुरू झाले. पहिले प्राध्यापक जॉन क्विन्सी ॲडम्स. त्यांनी सिसेरो आणि क्विंटिलियनच्या धर्तीवर व्याख्याने दिली, पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यानंतर १८४१ मध्ये ‘अमिस्टाड’ जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात स्वतः उभे राहिले. पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवायचेच, हा त्या देशातला रिवाज याच विद्यापीठाच्या आसपास रुजला. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या वर्गातला युक्तिवाद बाजूला पडत गेला आणि शुद्धलेखन, परिच्छेद, नीटनेटकी वाक्ये यांचा कारभार उरला. बॉयल्स्टनची खुर्ची तर हळूहळू साहित्याकडे सरकली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर शेमस हीनी हे कवी बसले. कवी थोर, त्याबद्दल तक्रार नाही. पण युक्तिवाद कुणी शिकवायचा हा प्रश्न उरला. १९६५ मध्ये एडवर्ड कॉर्बेट यांनी अभिजात वक्तृत्वशास्त्र आजच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा मांडणारे पाठ्यपुस्तक काढले आणि ॲरिस्टॉटल लेखनाच्या वर्गात परत आला. आज तिथल्या कितीतरी लेखनवर्गांत त्याच्या संज्ञा रोज वापरल्या जातात. त्या कित्येकदा फार उथळपणे वापरल्या जातात, हेही खरे.

उथळपणा कसला, तेही सांगतो. एखादी जाहिरात घ्यायची, तिच्यात बोलणाऱ्याची पत कुठे, भावना कुठे, तर्क कुठे अशा तीन रंगांत रेघा ओढायच्या आणि तास संपवायचा. आपल्याकडे हा विषय आला आणि त्याचे ‘टिपा लिहा’ झाले तर यापेक्षाही वाईट होईल. म्हणून मी आधी हर्मागोरसचे नाव घेतो, ॲरिस्टॉटलचे मागाहून.

हर्मागोरस इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला शिक्षक. त्याचे पुस्तक उरलेले नाही, पण त्याची युक्ती रोमन ग्रंथांतून आपल्यापर्यंत आली. कोणत्याही भांडणात खरा वाद नेमका कुठे अडला आहे ते आधी शोधा, असे तो सांगतो. त्यासाठी चार पायऱ्या आहेत. गोष्ट घडली का? घडली असेल तर तिला काय म्हणायचे? ते नावही मान्य असेल तर ती कितपत बरीवाईट, कोणत्या परिस्थितीत घडली? आणि शेवटी, याचा निवाडा करण्याचा अधिकार कुणाचा? दोन माणसे दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी राहून भांडत असली की भांडण वर्षानुवर्षे चालते. गावचा रस्ता पहिल्या पावसात उखडला. गावकरी म्हणतात निकृष्ट काम, ठेकेदार म्हणतो अतिवृष्टी, अभियंता म्हणतो रस्ता आमच्या खात्याकडे नाहीच. तिघे तीन पायऱ्यांवर आहेत. ‘रस्ता उखडला हो’ असे चौथ्यांदा ओरडून काही होणार नाही, कारण ते कुणी नाकारलेलेच नाही. हे विद्यार्थ्याला एकदा दिसले की त्याचा तक्रारअर्ज निम्मा लहान आणि दुप्पट धारदार होतो.

वर्गात यासाठी मी वापरतो ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण. त्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतल्या विसंगतीचा इशारा दर २६ जानेवारीला फलकांवर झळकतो. पण भाषणाचा पूर्वार्ध कुणी वाचत नाही, आणि लेखन शिकायचे असेल तर खजिना तिथेच आहे.

आरोप असा होता की सभेने फार वेळ लावला आणि जनतेचा पैसा उडवला. रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या नीरोशी तुलना झाल्याचा उल्लेख खुद्द बाबासाहेबच करतात. आता कच्चा वक्ता काय करील? आम्ही रात्रंदिवस राबलो, असे सांगत सुटेल. बाबासाहेब लागलेला काळ आधी दिवसांपर्यंत मोजून सांगतात : दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस. पहिली पायरी तिथेच संपली, कारण वस्तुस्थिती कबूल आहे. मग ते वाद पुढे नेतात. ‘फार’ म्हणजे कुणाच्या मानाने? अमेरिकेला चार महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. आपल्याला गैरसोयीचे आकडेही त्यांनी लपवलेले नाहीत, हे मी मुलांना मुद्दाम दाखवतो. त्यानंतर ते तुलनेच्या अटीच तपासायला घेतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत कलमे सात, आपल्या घटनेत ३९५. शिवाय त्या देशांच्या घटनाकारांना दुरुस्त्यांना तोंड द्यावे लागले नाही. इथे ७,६३५ च्या आसपास दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. इतके झाल्यावर ‘वेळकाढूपणा’ या शब्दात काही जीव उरत नाही, आणि आवाज एकदाही चढलेला नसतो.

थोडे पुढे दुसरा आरोप येतो, केंद्राला राज्यांवर कुरघोडी करण्याचा अधिकार दिल्याचा. इथे ते सरळ सांगतात की हा आरोप मान्य केलाच पाहिजे. सभागृहात समोरच्याचे म्हणणे इतक्या मोकळेपणाने मान्य करणारा वक्ता आजच्या मुलांनी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांना वाटते की आता संपले. पण कबुलीनंतरच खरे काम सुरू होते. हा अधिकार नेहमीच्या कारभारासाठी नसून आणीबाणीच्या प्रसंगापुरता आहे. आणि अशा प्रसंगी नागरिकाची अखेरची निष्ठा केंद्राकडे असावी की घटकराज्याकडे, हा प्रश्न ते सभेपुढे ठेवतात. वस्तुस्थिती सोडून दिली आणि तिचे मूल्य हातात घेतले. हर्मागोरसची तिसरी पायरी समजावून द्यायला याहून चांगला पाठ मला अजून सापडलेला नाही.

भाषणातला आभाराचा भागही बघा. मसुदा समितीच्या अध्यक्षावर स्तुतीचा वर्षाव झालेला आहे आणि ते बी. एन. राव यांना श्रेय देतात, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना देतात, त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांना देतात. पक्षशिस्त मोडून विरोधात बोलणाऱ्या सदस्यांचेही नावे घेऊन आभार मानतात. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की वक्त्याची पत त्याच्या आधीच्या नावलौकिकावर विसंबून नसावी, ती भाषणातून उभी राहिली पाहिजे. त्या दिवशी बाबासाहेबांना नावलौकिकाची वाण नव्हती. तरी पत त्यांनी भाषणातच नव्याने मिळवली, म्हणून पुढचे कठोर इशारे सभेने ऐकून घेतले. ‘व्यक्तिमत्त्वाची छाप’ या नावाखाली आपण जे शिकवतो त्याहून ही फार निराळी गोष्ट आहे.

ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वावरच्या ग्रंथाचा दुसरा खंड मराठीच्या शिक्षकांनी निदान एकदा वाचावा. त्याचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांमुळे आपल्या वर्गात कधीच आले; करुणा आणि भय यांवर प्रश्नही येतात. त्याच माणसाने रागावर, मत्सरावर, लाजेवर, दयेवर जे लिहिले आहे ते मात्र आपण वाचत नाही. माणूस कोणत्या मनःस्थितीत रागावतो, कुणावर रागावतो आणि कशासाठी रागावतो, या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्याशिवाय राग निर्माण करता येत नाही, असे तो म्हणतो. एखादा पेटता व्हॉट्सॲप संदेश वर्गात घ्या आणि हे तीन प्रश्न विचारा. तो कारखान्यात बनवलेला आहे हे मुलांना पाच मिनिटांत कळते. तीच गोष्ट युक्तिवादात न बोलता गाळलेल्या पायरीची. मुलगी उजळली आणि तिला नोकरी मिळाली, असे क्रीमची जाहिरात दाखवते. गोऱ्यांनाच नोकऱ्या मिळतात, हे वाक्य जाहिरातीत कुठेच नसते. ते प्रेक्षक आपल्या मनात भरतो, आणि स्वतः भरलेले असल्यामुळे त्याला ते स्वतःचेच मत वाटते. गाळलेले वाक्य शोधून वहीत लिहून काढणे हा लेखनाच्या वर्गातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी अभ्यास आहे.

आता आपल्यापैकी काहींच्या ओठांवर आलेला प्रश्न. आपली परंपरा सोडून ग्रीकांच्या दारात का जायचे? जाऊ नका, दोन्ही दारे उघडी ठेवा. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार वेगळे केले. सत्य ठरवण्यासाठी बोलणे, जिंकण्यासाठी बोलणे आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडण्यासाठी बोलणे. आजच्या वाहिन्यांवरची रात्री नऊची चर्चा कोणत्या प्रकारात बसते हे मुलांना सांगावे लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायात तर वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी हे सविस्तर सांगितले आहे. मित्रभावाची चर्चा वेगळी, ईर्ष्येची वेगळी. सभा जाणती आहे की अडाणी, आणि ती आपल्याशी सलोख्याची आहे, उदासीन आहे की आधीच विरोधात बसलेली आहे, हे पाहून तोंड उघडावे, असे चरक बजावतो. ऐकणाऱ्यांचा इतका बारीक विचार करणारा हा मजकूर आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनी वाचायचा आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी वाचायचा नाही, ही वाटणी कुणी केली कोण जाणे.

पण दोन्ही परंपरा एकच सांगतात, असा गोडवाही नको. नैयायिकाला प्रमाणांनी सिद्ध होणारे हवे असते आणि त्याचा ऐकणारा बहुधा जाणकार असतो. ॲरिस्टॉटल बाजारातून उठून आलेल्या मिश्र जमावाशी बोलायला शिकवतो. उद्या युद्ध करायचे की तह, कर वाढवायचा की नाही, अशा ज्या प्रश्नांत पुरावा कधीच पुरा नसतो आणि निर्णय तर आजच घ्यायचा असतो, त्यांच्यासाठी त्याचे शास्त्र आहे. लोकशाहीत राहणाऱ्याला हे दुसरे अधिक लागते, असे माझे मत आहे. पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त मात्र आपलीच वापरावी. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल इतक्या चांगल्या रीतीने मांडल्याशिवाय त्याचे खंडन करायचे नाही, ही अट मला ग्रीकांकडे इतक्या काटेकोरपणे दिसलेली नाही.

मराठीत या सगळ्याचे नमुने कमी नाहीत. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) संवादरूपात लिहिली; धोंडीबा शंका काढतो आणि जोतीराव उत्तर देतात, म्हणजे वाचकाच्या मनातला पूर्वपक्ष पुस्तकातच बोलतो. ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’त (१८८२) स्त्रियांवर लादलेल्या दुर्गुणांची यादी उचलली आणि एकेक दुर्गुण पुरुषांच्या अंगी दाखवत ती यादी तशीच परत केली. आरोपाची भाषा न बदलता आरोपी बदलणे हा डाव आहे, आणि तो कसा रचला हे शिकवता येते. ही पुस्तके आपल्या अभ्यासक्रमांत आहेतच. आपण मुलांना विचारतो, ‘यातून लेखिकेचे कोणते पुरोगामी विचार दिसतात?’ मुले चार विचार लिहितात. हे पुस्तक वाचकाला कसे कोंडीत पकडते, हा प्रश्न एकदा विचारून बघा. उत्तरपत्रिका वाचताना झोप येणार नाही.

सर्वांत मोठा आक्षेप जुना आहे. मन वळवण्याची विद्या शिकवली तर उद्या ही मुले लोकांना फसवतील. प्लेटोने ‘गॉर्जियस’मध्ये वक्तृत्वाला स्वयंपाकाच्या पंगतीला बसवले. वैद्य गुण येईल ते देतो, आचारी जिभेला आवडेल ते देतो, आणि लहान मुलांच्या सभेत निवड झाली तर आचारीच जिंकणार. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गॉर्जियसने स्वतःच शब्दांच्या प्रभावाची तुलना औषधाशी आणि विषाशी केली होती. पण ॲरिस्टॉटलचे उत्तरही तितकेच सरळ आहे. गैरवापर बळाचा होतो, संपत्तीचा होतो, सेनापतीच्या कौशल्याचाही होतो. म्हणून ती कुणी टाकून देत नाही. आणि प्रश्न आता शिकवावे की नाही हा राहिलेलाच नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात, जाहिरात संस्थांत, पक्षांच्या प्रचारकक्षांत ही विद्या पगार देऊन शिकवली जाते. जिच्यावर ती वापरली जाते ती बी.ए., बी.कॉम.ची मुलगी तेवढी या विद्येपासून दूर ठेवली आहे. फसवणारे तयार आहेत. न फसणारे तयार करण्याचे काम कोणत्या खात्याचे?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राबद्दल थोडक्यात. आपल्या अभ्यासक्रमातला जवळपास प्रत्येक नमुना आज मोबाईलवर क्षणात लिहून मिळतो आणि ‘शाप की वरदान’ तर माणसापेक्षा यंत्रच बरा लिहिते, कारण त्या निबंधाला लेखक लागतच नव्हता. गृहपाठावर बंदी घालून यातून सुटका नाही. आपल्या गल्लीतल्या कचऱ्याच्या प्रश्नावर, आपल्या नगरसेवकाला, आपल्या नावाने, त्याची अडचण ओळखून पत्र लिहायला लावा. त्यात यंत्राची मदत घेतली तरी विद्यार्थ्याला स्वतः विचार करावा लागतो.

दोन श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास. तेवढ्यात सारे वक्तृत्वशास्त्र शिकवता येणार नाही आणि शिकवूही नये. वादाचा मुद्दा शोधण्याच्या चार पायऱ्या, पूर्वपक्ष, ऐकणाऱ्याची पारख आणि गाळलेली पायरी ओळखणे एवढ्यावर सत्र भागते. सरावासाठी जुन्या ग्रीक शाळांतली पाठमाला उसनी घ्यावी. चौथ्या शतकातल्या अफ्थोनियसने तिचे चौदा धडे लावून दिले आहेत. गोष्ट सांगण्यापासून सुरुवात आणि कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्यापर्यंत मजल. त्यातला एक धडा दुसऱ्या व्यक्तीच्या तोंडून बोलण्याचा आहे. कांद्याचे भाव पडले त्या दिवशी लासलगावच्या बाजार समितीत उभा असलेला शेतकरी काय म्हणेल, आणि त्याच दिवशी मुंबईत कांदा घेणारी गृहिणी काय म्हणेल, हे एकाच विद्यार्थ्याने लिहायचे. आपले मत यानंतर, तिसऱ्या पानावर.

परीक्षेबद्दल मी हट्टी आहे. ‘ॲरिस्टॉटलच्या तीन साधनांवर टीप लिहा’ असा प्रश्न एकदा छापला गेला की गाईड निघेल, आणि गाईड निघाले की हा विषय मेला. संज्ञांवर एकही गुण ठेवू नका. वर्गात बसून, खऱ्या वाचकाला उद्देशून लिहिलेल्या मजकुराला गुण द्या, आणि त्यातला पूर्वपक्ष कच्चा असेल तर बाकी भाषा कितीही फुलोऱ्याची असली तरी उत्तीर्ण करू नका. शिक्षकांची तयारी नाही, ही अडचण खरी आहे. आम्हालाही हे कुणी शिकवलेले नाही. त्यासाठी सुट्टीतले उजळणी वर्ग आहेतच, त्यांतला एक या कामाला लावावा. आणि दोन्ही परंपरांतले निवडक उतारे, त्यांसोबत फुले, ताराबाई, आगरकर, शिवरामपंत परांजपे आणि आंबेडकर यांच्या गद्यातले वेचे, असे दीडशे पानांचे एक वाचनपुस्तक सर्व विद्यापीठांनी मिळून काढावे. प्रत्येकाने वेगळे काढण्याइतका हा विषय मोठा नाही.

हे सगळे आपल्याला पटले नसेल तर माझी आणखी एक विनंती आहे. या पत्राचा पूर्वपक्ष आपल्या बैठकीत नीट मांडून त्याचे खंडन करा आणि ते इतिवृत्तात नोंदवा. पटले असेल तर पुढच्या फेररचनेत एका सत्राची जागा राखून ठेवा आणि एक-दोन महाविद्यालयांत ते प्रयोग म्हणून चालवून बघा. माझ्या वर्गापासून सुरुवात करायला मी तयार आहे.

आपला,
पदवीच्या वर्गाला मराठी शिकवणारा एक शिक्षक